तलावांवरच्या पक्ष्यांची अनेक वर्षांची मोजणी: कुठली सांख्यिकी पद्धत लावू?

टिबुकली
नमस्कार मंडळी. मी नागपुरात प्राणीशास्त्रात पीएचडी करतेय. आमच्या पक्षीमित्रांच्या गटाने २०१३ पासून अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा आणि सोनेगाव या तलावांवर दर महिन्याला पाणपक्षी मोजलेत. उमरेड रस्त्याकडचे दोन तलाव २०१८ पासून जोडले. सगळी रजिस्टरं एक्सेलमध्ये भरून झाली आहेत. मोजलं गटाने, विश्लेषण आलं माझ्या गळ्यात.

अडचणी अशा: २०२० च्या एप्रिल-मेमध्ये टाळेबंदी, म्हणून मोजणी नाही. पावसाळ्यातले बरेच महिने गायब आहेत. मोजणारी माणसं बदलत गेली. आधी सगळं दुर्बिणीवर चालायचं, मग स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची जास्त ताकदीची दुर्बीण) आला.

गाइड म्हणतात, वर्षवार अनोव्हा लाव (वर्षांच्या सरासऱ्यांत फरक आहे का), मग ट्युकी (नेमक्या कुठल्या वर्षांत), संपलं. लॅबमधला सीनियर म्हणतो, टाइम सीरीज आहे म्हणजे अरिमाच, मागच्या आकड्यांवरून पुढचे काढणारं मॉडेल. यूट्यूब उघडलं की जो तो मान-केंडॉल करतोय, म्हणजे आकडे काळाबरोबर चढतात की उतरतात याची चाचणी. यातलं नेमकं बरोबर कुठलं?

सावजी_प्रेमी
अनोव्हा, अरिमा, मान-केंडॉल... मले वाटलं फुटाळ्यावर नवीन बदकं आली यंदा.

साशंक
टिबुकली, पद्धत विचारलीत, पण प्रश्न कुठे सांगितलात? तलावांवरची बदकं वर्षागणिक कमी होताहेत का, हा एक प्रश्न. ती हिवाळ्यात आता उशिरा येतात का, हा दुसराच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून निम्म्या शहरात पाणी शिरलं, त्यानंतर तिथल्या पक्ष्यांचं काय झालं, हा आणखी निराळा. डेटा तोच असला तरी तिन्हींना लागणारी पद्धत वेगळी.

आणि गाइडना दुखवायचं नाही, पण वर्षवार अनोव्हा इथे चालत नाही. २०१५ चे बारा महिने म्हणजे २०१५ ची बारा स्वतंत्र मोजमापं नव्हेत. जानेवारीत गोरेवाड्यावर असलेला थवाच फेब्रुवारीत पुन्हा मोजला जातो. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं होतं. शिवाय अनोव्हाला वर्षांचा क्रम कळत नाही. २०१४ आणि २०२२ ची अदलाबदल करा, त्याचं उत्तर तेच येईल. ट्रेंड शोधायचा आणि क्रमच फेकून द्यायचा, हे काही पटत नाही.

टिबुकली
@साशंक, मूळ प्रश्न पहिलाच. कमी होताहेत की वाढताहेत. पुराचं मनात होतं, पण तो प्रबंधाचा विषय नाही.

निवृत्त_पाणीवाला
मान-केंडॉलला एवढं हिणवू नका हो. माझी सगळी नोकरी नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. तिथेही हेच दुखणं: महिने गहाळ, आकडे वेडेवाकडे, मधेच एखादा भलताच मोठा आकडा. त्यासाठीच १९८२ मध्ये हिर्श, स्लॅक आणि स्मिथ यांनी सीझनल केंडॉल मांडली. जानेवारीची तुलना फक्त इतर जानेवारींशी, मे महिन्याची फक्त इतर मे महिन्यांशी, आणि शेवटी सगळ्याची गोळाबेरीज. ऋतुमान आपोआप बाजूला पडतं. मधला महिना नसला तरी काम अडत नाही. दरवर्षी किती फरक पडतो हे हवं असेल तर सेनचा उतार काढा. सगळ्या जोड्यांच्या उतारांचा मध्यक असल्याने एखाद्या वर्षी उतरलेला अवाढव्य थवा तो बिघडवत नाही.

आर_वाली_मावशी
काका, पद्धत चांगलीच आहे. पण मोजणीला किती वेळ दिला, कोणी मोजलं, दुर्बीण होती की स्कोप, हे त्या केंडॉलला सांगायचं कुठून? पाण्याच्या नमुन्यात बाटली तीच आणि यंत्र तेच. इथे पहिल्या वर्षी एक जण अर्धा तास उभा होता आणि आता चौघे दोन तास स्कोप लावून बसतात. आकडा वाढणारच. केंडॉल म्हणेल वाढ झाली, पी-व्हॅल्यू (खरा बदल नसताना निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) झकास. वाढलं काय, तर बघणारे डोळे.

निवृत्त_पाणीवाला
हा मुद्दा मान्य. यंत्र बदललं तर आम्हीसुद्धा जुनं-नवं काही महिने शेजारीशेजारी चालवायचो.

बदकांचा_मुनीम
पद्धतीवर भांडण्याआधी रजिस्टरात शून्य आणि रिकामी चौकट यांत फरक केलाय का, ते बघा. 'गेलो, मोजलं, तलवार बदक नव्हतं' म्हणजे ०. 'गेलोच नाही' म्हणजे रिकामं. 'गेलो, पण त्या दिवशी फक्त मोठे थवे लिहिले' हा तिसरा प्रकार, आणि हौशी गटांच्या वह्यांत हाच सगळ्यात जास्त सापडतो. एक्सेलमध्ये भरताना कोणीतरी सगळ्या रिकाम्या चौकटींत ० ओढून टाकलं असेल तर पुढचं सगळं शास्त्र पाण्यात.

दुसरं, वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरू नका. आपल्याकडे बदकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतरतात आणि मार्चपर्यंत निघतात. कॅलेंडरच्या वर्षाने एकाच हिवाळ्याचे दोन तुकडे होतात, आणि एका वर्षात दोन वेगळ्या हिवाळ्यांची अर्धी-अर्धी बदकं एकत्र पडतात. जुलै ते जून वर्ष धरा.

तिसरं, 'एकूण पाणपक्षी' हा आकडा काढूच नका. अडई बदकांचा हजाराचा एक थवा आला की त्याखाली बाकी सगळं दडपून जातं. वारकरी पक्षी वाढले आणि थापट्या बदकं घटली तर बेरीज म्हणेल सगळं जागेवर आहे.

टिबुकली
@मुनीम, शून्याचं तपासते. मूळ वह्या आहेत, त्यामुळे पडताळता येईल. बऱ्याच फेऱ्यांची सुरू-बंद वेळ लिहिलेली आहे. पहिल्या काही वर्षांत मात्र नाही.

खापरखेडा_फास्ट
येवढ्या पद्धती सांगून राह्यले, पन कोनी तिले ग्राफ काढाले सांगितला का? एक पक्षी घे, एक तलाव घे, आडवी तारीख, उभी संख्या, टिंबं टाक. दुर्बीनवाले टिंबं एका रंगात, स्कोपवाले दुसऱ्या. अर्धं उत्तर तिथंच दिसते बाप्पा. जे डोयाले दिसत नाही आन् फक्त मॉडेललेच दिसते, त्याच्यावर माहा भरोसा नाही.

साशंक
ग्राफ आधी, याबद्दल दुमत नाही. शेवटच्या वाक्याशी मात्र असहमत. डोळ्याला नसलेले ट्रेंडही फार सहज दिसतात. सलग दोन-तीन महिने एकमेकांच्या जवळपास असतात, त्यामुळे रेघ लाटेसारखी वरखाली होते आणि आपण त्या लाटेलाच घसरण म्हणतो. ऋतुमान काढून टाकल्यावर उरलेल्या आकड्यांत लागोपाठच्या महिन्यांचा सहसंबंध ०.६ आहे असं समजा. मग आठ वर्षांच्या ९६ मासिक नोंदींची किंमत साधारण २४ स्वतंत्र नोंदींएवढीच उरते. ९६ धरून काढलेली पी-व्हॅल्यू खोटा आत्मविश्वास देते. ऑटोकोरिलेशन, म्हणजे लागोपाठच्या नोंदींचा हा सहसंबंध, तपासायचं ते यासाठी, आणि तपासायचं मॉडेल बसवल्यावर उरलेल्या रेसिड्युअलमध्ये. कच्च्या आकड्यांत बारा महिन्यांची लाट असणारच, ती बघून घाबरू नये.

@निवृत्त_पाणीवाला, साध्या मान-केंडॉललाही हे लागू आहे. हमीद आणि राव यांची १९९८ ची दुरुस्ती त्याचसाठी आहे.

लोकल_गाईड_मनसर
मधेच घुसतो. वाघांचं पण असंच आहे का? २००६ ला १४११, २०२२ ला ३६८२. वाघ वाढले की कॅमेरे वाढले?

बदकांचा_मुनीम
झालं, वाघ आला की बदकांना कोण विचारतं!

आर_वाली_मावशी
दोन्ही वाढले, आणि ते दोन वेगळे करण्यासाठीच तिथे मॉडेल असतं. पूर्वी पगमार्कवर, म्हणजे पायाच्या ठशांवर, गणना व्हायची. २००५ ला सरिस्कात वाघच उरले नाहीत हे उघड झालं, आणि २००६ पासून कॅमेरा ट्रॅपवर आधारित पद्धत आली. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. तोच वाघ किती वेळा आणि कुठे कुठे टिपला गेला, त्यावरून न टिपलेले किती असतील याचा अंदाज बांधतात. कॅमेरे वाढले की टिपण्याची शक्यता वाढते, पण ती शक्यता मॉडेलमध्ये मोजलेली असते. तरी पाहणीचं क्षेत्र दर फेरीत बदलत गेलंय, त्यामुळे ते दोन आकडे नुसते शेजारी ठेवून वजाबाकी करू नये.

टिबुकलीच्या बदकांना पट्टे नाहीत. तिथे हीच शक्यता काढायची तर एका तलावावर आठवडाभरात दोन-तीन वेळा जाऊन मोजावं लागतं. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांची २००२ ची ऑक्युपन्सी मॉडेलं (पक्षी आहे की नाही) आणि रॉयल यांचं २००४ चं एन-मिक्श्चर (किती आहेत) त्यावरच उभं आहे. महिन्यातून एकदाच मोजलं असेल तर तो रस्ता बंद समजा. एन-मिक्श्चरबद्दल माझं मत तसंही बरं नाही. मधल्या काळात पक्षी येत-जात नाहीत असं ते धरून चालतं, आणि बदकं तर दुपारीच दुसऱ्या तलावावर जातात.

लोकल_गाईड_मनसर
म्हणजे आमच्याकडची बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची मोजणी ट्रेंडला चालणार नाही?

खापरखेडा_फास्ट
मचानावर रात्र काढाले चालते. ज्या वर्षी अवकाळी पाऊस पडून जंगलात जागोजागी पानी असते, त्या वर्षी पानवठ्यावर कोनी येत नाही. जनावर कमी नाही झालं, तहान भागली त्याची.

आर_वाली_मावशी
टिबुकलीसाठी मी काय करेन ते लिहिते.

एका वेळी एकच प्रजाती. संख्या मोजलेली आहे, म्हणून लॉग घेऊन साधं रिग्रेशन करू नका. शून्य आलं की लोक त्यात १ मिळवून लॉग घेतात. ओ'हारा आणि कोत्झे यांनी २०१० मध्ये कृत्रिम डेटावर तपासून दाखवलं की त्यापेक्षा मोजणीसाठीचीच मॉडेलं बरी ठरतात. त्यातल्या साध्या पॉयसाँ मॉडेलमध्ये सरासरी आणि व्हेरिअन्स (आकड्यांचा पसारा) सारखे असावे लागतात. थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांत ते कधीच होत नाही, म्हणून जास्त पसारा चालणारं निगेटिव्ह बायनोमिअल. शून्यं खूप दिसली की लगेच जास्तीच्या शून्यांसाठीच्या झिरो-इन्फ्लेटेड मॉडेलकडे धावायचं नाही. मे महिन्यात तलवार बदकाचं शून्य असणार, कारण ते तेव्हा उत्तरेला विणीच्या जागी असतं. मॉडेलमध्ये महिना घातला की ती शून्यं समजून येतात.

मग गॅम, म्हणजे सरळ रेषेऐवजी गुळगुळीत वक्र बसवणारं मॉडेल. महिन्यासाठी चक्रीय स्प्लाइन (असाच एक वक्र), म्हणजे डिसेंबरचं टोक जानेवारीला जुळतं. वर्षासाठी गुळगुळीत रेषा, पण तिला फार वळणं घेऊ देऊ नका. तलाव रँडम इफेक्ट, म्हणजे प्रत्येक तलावाची आपली पातळी. लागलेला वेळ आणि साधन हे चल म्हणून. आर या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये एमजीसीव्ही पॅकेज या सगळ्याला पुरतं. गहाळ महिने असेच गहाळ ठेवा. सरासरी घालून भरू नका, नाहीतर नसलेली खात्री विकत घ्याल. ज्या वर्षांत वेळच लिहिलेली नाही, ती घेऊन एकदा आणि वगळून एकदा बघा.

साशंक
वेळ ऑफसेट म्हणून घालायची का?

आर_वाली_मावशी
नाही. ऑफसेट घातला की दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट पक्षी असं मॉडेल गृहीत धरतं. तलावावर पहिल्या वीस मिनिटांत मोठे थवे मोजून होतात, नंतरच्या तासात कडेच्या गवतातली एखादी पाणकोंबडी वाढते. लॉग वेळ साधा चल म्हणून घालायचा, उतार किती ते डेटाच सांगेल.

डेटावाला_हिंगणा
माझा अरिमाच्या बाजूने एक शब्द, बिचारा कोपऱ्यात उभा आहे. हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या नोंदींवरून कॅनडातल्या लिंक्स या रानमांजराची १८२१ ते १९३४ ची मालिका बनली, त्यात साधारण दहा वर्षांचं चक्र दिसतं. तिथे मागच्या वर्षांवर यंदाचं अवलंबून असणं, तीच तर गोष्ट आहे. अशा लांब, अखंड मालिकेला त्या घराण्यातली मॉडेलं छान लागतात.

साशंक
लांब आणि अखंड, ११४ वर्षं. टिबुकलीकडे मधेमधे भोकं असलेले तलाव आहेत आणि निम्मी शून्यं आहेत. तिला पुढच्या जानेवारीचा अंदाजही वर्तवायचा नाही. त्या घराण्यातलं काही वापरायचंच असेल तर स्टेट-स्पेस घ्या: खरी संख्या वेगळी, मोजताना झालेली चूक वेगळी, आणि गहाळ महिन्यांचं त्याला वावडं नाही. पण पहिल्या पीएचडीसाठी तो घाट मी सुचवणार नाही.

डेटावाला_हिंगणा
पहिल्या पीएचडीसाठी? लोक दुसरी करतात?

पावसाची_नोंद
टिबुकली, पाऊस आणि तापमानही जोडणार आहात का? नागपूरच्या हवामान केंद्राच्या नोंदी आहेतच, मग कारणंही कळतील.

साशंक
जपून. दोन गोष्टी काळाबरोबर नुसत्या चढत असल्या तरी त्यांचा सहसंबंध भरभक्कम येतो. युल यांनी १९२६ सालीच हे सोदाहरण दाखवलं. नागपूरची मेट्रो २०१९ ला सुरू झाली आणि तेव्हापासून प्रवासी वाढले. समजा अंबाझरीवरचे पाणकावळेही त्याच वर्षांत वाढले. काढा कोरिलेशन, छापा पेपर.

सावजी_प्रेमी
पाणकावळ्यांले पास स्वस्त पडत असन.

साशंक
म्हणून दोन्हींतला ट्रेंड काढून मग बघायचं: ज्या वर्षी पाऊस त्याच्या नेहमीपेक्षा कमी, त्या वर्षी पक्षीही त्यांच्या नेहमीपेक्षा कमी का? आणि किती प्रजाती तपासणार ते आधी ठरवा. चाळीस प्रजातींना ०.०५ ची पट्टी लावली तर काहीच घडत नसतानाही दोनेक 'सिग्निफिकंट' निघतील, आणि प्रबंधात नेमक्या त्यांचाच फोटो मुखपृष्ठावर येईल.

नेदरलँड्स_रिटर्न
युरोपात पक्षीमोजणीचे गट ट्रिम वापरतात. नेदरलँड्सच्या सांख्यिकी खात्याने खास याचसाठी बनवलंय, आरमध्ये आर-ट्रिम नावाने मिळतं. काही जागा उशिरा जोडलेल्या, काही वर्षं गहाळ, आकडे पॉयसाँपेक्षा पसरलेले, मागच्या वर्षाशी संबंध, हे सगळं त्यात धरलंय. पहिलं वर्ष १०० धरून पुढचा निर्देशांक निघतो. पक्षीमित्रांच्या गटालाही तो आलेख चटकन कळतो, गॅमची स्प्लाइन समजावत बसावं लागत नाही.

टिबुकली
हे माहीतच नव्हतं. म्हणजे उमरेडकडचे दोन तलाव वगळायची गरज नाही?

नेदरलँड्स_रिटर्न
बेरीज करणार असाल तरच वगळा, कारण २०१८ ला बेरीज उगाच उडी मारेल. मॉडेलमध्ये प्रत्येक तलावाची स्वतःची पातळी असते, उडीचा प्रश्न येत नाही. फक्त ते तलाव का निवडले ते बघा. तिथे पक्षी भरपूर दिसले म्हणून जोडले असतील तर ते आपल्या चांगल्या काळात यादीत आले. पुढे नेहमीच्या पातळीवर उतरले तरी घसरण दिसेल.

बदकांचा_मुनीम
भरपूर दिसले म्हणूनच जोडले. दुसरं कोणतं कारण असतं आपल्या लोकांचं!

खापरखेडा_फास्ट
मंग स्कोपचं काय? येवढं लिहिलं समद्यांनी, पन खरा पेच तोच हाय. समजा २०१८ पावतर जुनी मानसं आन् दुर्बीन, २०१९ पासून नवी मानसं आन् स्कोप. आता पक्षी वाढले का नजर वाढली, हे कोनतं मॉडेल सांगनार?

आर_वाली_मावशी
कोणतंच नाही, दादा. बदल एकाच दिवशी सगळीकडे झाला असेल तर वर्ष आणि साधन एकमेकांत असे मिसळतात की वेगळे होत नाहीत. मॉडेल आकडा देईल, पण तो कोऱ्या कागदावर लिहिलेला. नासक्या मटणाला कितीही सावजी मसाला लावला तरी पाहुण्याचं पोट बिघडायचं ते बिघडतंच. टिबुकली, बदल तलावागणिक वेगवेगळ्या वेळी झाला का? काही महिने दोन्ही साधनं चालली का? तसं असेल तर आशा आहे.

टिबुकली
वह्या चाळल्या. स्कोप आधी फक्त गोरेवाड्यावर गेला, २०१७ ला. फुटाळ्यावर बरंच नंतर. सोनेगाव लहान आहे, तिथे आजही दुर्बीणच. तीन जुने सदस्य अजून येतात, म्हणजे माणसंही एकदम बदललेली नाहीत.

आर_वाली_मावशी
मग सुटलात! हा गोंधळ नव्हे, ही तर देणगी आहे. त्या काळात दुर्बीणवाला आणि स्कोपवाला तलाव एकाच हिवाळ्यातून गेलेत. साधन चल म्हणून घाला, निरीक्षक रँडम इफेक्ट.

निवृत्त_पाणीवाला
तरी येत्या नोव्हेंबरात माझं ऐका. फुटाळ्यावर दोन जोड्या उभ्या करा, एक दुर्बीण घेऊन, एक स्कोप घेऊन, आणि एकमेकांचे आकडे न विचारता मोजा. असं काही दिवस सकाळी करा. त्यातून मिळणारं गुणोत्तर मॉडेलच्या उत्तराशी जुळतं का बघा. जुळलं तर परीक्षकाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

साशंक
आणि खरा डेटा हातात घेण्याआधी खोटा डेटा बनवा. तेवढेच तलाव, तेवढीच वर्षं, तशीच भोकं, आणि दरवर्षी पाच टक्के घट तुम्ही स्वतः घातलेली. शंभर-दोनशे वेळा चालवा. पद्धत ती घट किती वेळा पकडते? घट शून्य ठेवली तर किती वेळा उगाच बोंब मारते? गाइडची अनोव्हा, यूट्यूबची मान-केंडॉल, मावशींचा गॅम, ट्रिम, सगळ्यांना त्याच मैदानात उतरवा. गाइडशी वाद घालण्यापेक्षा हा तक्ता पुढे ठेवलेला बरा.

वार्षिक आकड्यांवर मान-केंडॉल लावणाऱ्यांसाठी एक गंमत: चारच वर्षं असतील तर आकडे सलग उतरत गेले तरी दुहेरी पी-व्हॅल्यू ०.०८३ च्या खाली जाऊच शकत नाही. पाच वर्षांत ती ०.०५ च्या खाली आणायची तर पाचही आकडे ओळीने उतरावे लागतात. 'ट्रेंड नाही' असं छापून येतं, तेव्हा आधी वर्षं मोजावीत.

टिबुकली
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते असं: प्रश्न एकच, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या हिवाळी बदकांचा ट्रेंड. तलवार बदक, थापट्या, मोठी लालसरी आणि चक्रवाक, यादी आजच लिहून ठेवली. तुलनेला स्थानिक म्हणून हळदीकुंकू बदक. मुख्य विश्लेषण गॅम, सोबत ट्रिम, आणि दोन्ही उमरेडकडच्या तलावांसह आणि त्यांच्याविना. महिने चारच उरल्याने चक्रीय स्प्लाइन लागणार नाही, महिना साधा गट म्हणून घालेन. खोट्या डेटाचा तक्ता गाइडना सोमवारी दाखवतेय. पुराचा प्रश्न वेगळ्या पेपरला ठेवते.

साशंक
पुरासाठी आधी-नंतर आणि बाधित-अबाधित अशी चौकट लागेल, बासी म्हणतात तिला. अंबाझरी बाधित, बाकीचे तुलनेला. बाधित तलाव एकच आहे, त्यामुळे दावे बेताचे ठेवा. जलपर्णी काढली तेव्हाच्या तारखाही गोळा करा, नाहीतर तिचा परिणाम पुराच्या खात्यात जाईल.

खापरखेडा_फास्ट
नोव्हेंबरात फुटाळ्यावर मी येतो. दुर्बीनवाल्या जोडीत घ्या मले, स्कोप झोंबते डोयाले.

पावसाची_नोंद
सेमिनरी हिल्सवर आम्ही फुलपाखरांचा ट्रान्सेक्ट (ठरलेल्या वाटेने चालत मोजणी) करतो, तिथेही हेच सगळं चालेल का?

बदकांचा_मुनीम
नवीन धागा काढा. आणि आधी सांगा, रिकाम्या चौकटीत काय भरलंय.